नागालँडचा निकाल वाचायचाय? मग आधी पक्षाचं नाव झाका

2 मार्च 2023 ला नागालँडचा निकाल लागला आणि आपल्याकडे एकदम धमाल उडाली. राष्ट्रवादीचे 7 आमदार आले म्हणे, आणि आठवलेंच्या रिपाइंचे 2. लगेच पवारसाहेबांची ईशान्येतली पकड, आठवलेंचा करिष्मा, मीम्स, सगळं सुरू. आता तुएनसांगच्या डोंगरातल्या मतदाराने मुंबईतल्या नेत्याकडे बघून बटण दाबलं असेल असं खरंच वाटतं का कुणाला? तर तो निकाल नेमका वाचायचा कसा, कुठे बघायचं आणि कुठे बघण्यात वेळ घालवायचा नाही, ते जमेल तसं सांगतो. फार काही अवघड नाहीये, फक्त आपल्याकडची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते.

पक्षाचं नाव झाका

सिरियसली. यादी उघडली की पक्षाच्या कॉलमवर बोट ठेवा आणि उमेदवाराचं नाव, मतदारसंघ, जमात एवढंच बघा. 2023 ला मुख्यमंत्री नेफ्यू रिओंचा एनडीपीपी हा प्रादेशिक पक्ष 40 जागा आणि भाजप 20 जागा असं वाटप होतं. म्हणजे 40 ठिकाणी भाजपचा इच्छुक बेघर आणि 20 ठिकाणी एनडीपीपीचा. हे लोक घरी बसत नाहीत, त्यांच्यामागे गावं असतात, खर्च झालेला असतो. मग ते मिळेल ते चिन्ह घेतात, घड्याळ असो, लोजपा असो, रिपाइं असो की जदयू. एनडीपीपी 25, भाजप 12, राष्ट्रवादी 7, एनपीपी 5, लोजपा, रिपाइं आणि एनपीएफ प्रत्येकी 2, जदयू 1 आणि अपक्ष 4 असा तो निकाल होता, आणि त्यातले बरेचसे छोटे आकडे असेच तयार झालेले.

अपक्ष का नाही लढत मग? इथे पक्षांतरबंदी कायदा मध्ये येतो. अपक्ष निवडून आला आणि नंतर पक्षात गेला तर आमदारकी जाते, पण छोट्या पक्षाचे दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर काहीच होत नाही. दोघांचा पक्ष असेल तर दोघंही उठून गेले की झालं. त्यामुळे छोट्या पक्षाचं चिन्ह ही तिथे परतीच्या तिकिटासकट मिळणारी सोय आहे. राष्ट्रवादीच्या सातही जणांनी निकालानंतर रिओंना पाठिंबा दिला (भाजपसोबतचं सरकार म्हणून इथे त्यावरून बराच गदारोळ झाला), जुलै 2023 ला पक्ष फुटल्यावर ते अजितदादांकडे गेले, आणि मे 2025 च्या शेवटी सातही जण सरळ एनडीपीपीत विलीन. 25 चे 32 झाले, निवडणूक न होता. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये एनपीएफच्या म्हणजे नागा पीपल्स फ्रंटच्या 25 पैकी 21 आमदारांनी हेच केलेलं, आणि ऑक्टोबर 2025 ला तर अख्खा एनडीपीपीच परत एनपीएफमध्ये गेला. गंमत म्हणजे 2018 च्या तोंडावर तो एनपीएफमधूनच फुटून निघालेला.

तर ज्याला "कोणता पक्ष वाढला" हा लेख लिहायचाय त्याने नागालँड सोडून द्यावं.

तारीख बघा, पण मतदानाची नाही

बघायचं ते हे की नागा सशस्त्र गटांची दिल्लीशी बोलणी कुठवर आलीयेत. ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे म्हणून थोडं मागे जाऊ.

14 ऑगस्ट 1947 ला, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या एक दिवस आधी, नागा नॅशनल कौन्सिलने स्वातंत्र्य जाहीर केलं. नेते झापू फिझो, अंगामी जमातीचे, खोनोमा गावचे. 1951 ला त्यांनी स्वतःचं सार्वमत घेतलं आणि जवळपास सगळे नागा वेगळं राहायच्या बाजूने आहेत असा दावा केला. मग 1952 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली, देशभर लोक रांगा लावून मत देत होते आणि नागा हिल्समध्ये बहिष्कार. 1956 ला त्यांनी स्वतःचं भूमिगत सरकार उभं केलं, सैन्य आत गेलं, 1958 ला अफ्स्पा, म्हणजे सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा, आला. गावं जाळली गेली, लोकांना एकत्र वस्त्यांमध्ये कोंडलं गेलं, आणि तिथल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात हे अजून येतं.

दुसऱ्या बाजूला बोलणी करू पाहणारे नागा पण होते. त्यांच्या नागा पीपल्स कन्व्हेन्शनने 1960 ला केंद्राशी 16 कलमी करार केला, त्यातून 1 डिसेंबर 1963 ला राज्य झालं. कन्व्हेन्शनचे अध्यक्ष डॉ. इमकोंग्लिबा आओ यांना ते बघायला मिळालं नाही, 1961 मध्येच त्यांची हत्या झाली. आणि राज्य झालं तरी 1972 पर्यंत नागालँडचा कारभार दिल्लीत गृह नव्हे, परराष्ट्र मंत्रालय बघत होतं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलेलं.

म्हणजे लक्षात घ्या, महाराष्ट्र भाषेच्या मागणीतून झाला तसं नागालँड झालेलं नाही, ते राज्यच सशस्त्र चळवळीला उत्तर म्हणून दिलं गेलं. त्यामुळे तिथली प्रत्येक विधानसभा निवडणूक दिल्लीला "बघा, लोक संविधानाच्या आत आलेत" असं दाखवायला उपयोगी पडते, आणि भूमिगत गटांना नेमकी तीच गोष्ट खुपते. हे डोक्यात ठेवलं की बाकीचं आपोआप लागत जातं.

बिनविरोध आणि बहिष्कार

अर्ज भरायचा आठवडा मतमोजणीपेक्षा महत्त्वाचा. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, माघारीचा दिवस. उदाहरण 1998 चं घ्या.

ऑगस्ट 1997 ला केंद्र आणि एनएससीएन-आयएम या सशस्त्र नागा संघटनेत शस्त्रसंधी झाली. आयएम म्हणजे आयझॅक स्वू आणि मुइवा यांचा गट. एनएससीएन 1980 ला निघाली, ती 1975 चा केंद्राशी झालेला शिलाँग करार ज्यांना मान्य नव्हता त्यांची, आणि 1988 ला त्यातही फूट पडून खापलांग वेगळे झाले. तर शस्त्रसंधी झाली, लोकांना वाटलं आता काहीतरी होणार, आणि नेमकी फेब्रुवारी 98 ला विधानसभा आली. निवडणूक नको, तोडगा हवा अशी हाक निघाली, नागा होहो ही जमातींची शिखर संघटना आणि इतर संघटनांनी निवडणूक पुढे ढकला म्हणून सांगितलं, आयएमचा तर विरोध होताच. इतर पक्ष बाहेर राहिले. एस. सी. जमीर यांची काँग्रेस मात्र उभी राहिली. 60 पैकी 43 जागी समोर कुणीच नाही, बिनविरोध! एकूण 53 काँग्रेसला. नुसता आकडा बघणाऱ्याला वाटणार केवढी लाट. पण 53 पैकी 43 ठिकाणी एकही मत पडलेलं नाही, आणि पाच वर्षांनी, 2003 ला, समोर लढायला माणसं आल्याबरोबर काँग्रेस सत्तेबाहेर. हे जमीर म्हणजे आपल्याकडे 2008 ते 2010 राज्यपाल होते तेच, अशोक चव्हाणांना पहिल्यांदा मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली ते. राजभवनातल्या त्या फोटोत दिसणाऱ्या माणसावर आयुष्यात किती जीवघेणे हल्ले झालेत हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत होतं.

तेच नाटक 2018 ला परत. 29 जानेवारीला 11 पक्षांनी एकत्र जाहीरनाम्यावर सह्या केल्या की तोडगा निघेपर्यंत कुणी तिकीट देणार नाही, अर्ज भरणार नाही. त्यात भाजपच्या राज्यातल्या प्रतिनिधीची पण सही होती, पक्षाने त्याला लगेच निलंबित केलं आणि उलटी घोषणा दिली की तोडग्यासाठीच निवडणूक. मग काय, प्रत्येकाला भीती की दुसरा गुपचूप अर्ज भरेल आणि 98 सारखं होईल. शेवटी सगळ्यांनी भरले. रिओ स्वतः त्यांच्या नॉर्दर्न अंगामी-2 मधून बिनविरोध. 2023 ला पण अकुलुतोची जागा भाजपला बिनविरोध गेली, मतदान 59 जागांवरच झालं.

तर पहिली बातमी शोधायची ती ही: किती बिनविरोध, कुणी माघार घेतली, आणि बहिष्काराची हाक कुणाची.

पूर्व वेगळी, पश्चिम वेगळी

नकाशा उघडा. कोहिमा, दिमापूर, मोकोकचुंग पश्चिमेला. म्यानमारकडचे मोन, तुएनसांग, लाँगलेंग, किफिरे, नोकलाक, शमाटोर हे सहा जिल्हे म्हणजे पूर्व नागालँड, 60 पैकी 20 जागा इथल्या. इथले लोक मागासलेपणाची तक्रार करतात आणि ती काही हवेतली नाहीये. राज्य झालं तेव्हा जुन्या तुएनसांग जिल्ह्याला दहा वर्षं वेगळी व्यवस्था होती, तिथले आमदार थेट मतदानाने नाही तर प्रादेशिक परिषदेतून जायचे. थेट मतदान पहिल्यांदा 1974 ला. म्हणजे सुरुवातच एक पाऊल मागून.

ईएनपीओ ही तिथल्या जमातींची संघटना वेगळ्या राज्याची मागणी करत होती, नंतर ती 'फ्रंटियर नागालँड' नावाच्या स्वायत्त व्यवस्थेकडे वळली. 2023 ला त्यांनी बहिष्कार पुकारला होता, गृहमंत्रालयाच्या आश्वासनावर फेब्रुवारीत मागे घेतला. 2024 ची लोकसभा आली तोवर आश्वासन तसंच. 19 एप्रिलला सहा जिल्ह्यांत केंद्रं उघडली, 738 केंद्रं, कर्मचारी सकाळपासून यंत्रं लावून बसलेत, आणि मतदारच नाहीत. जवळपास 4 लाख मतदार आणि मतदान जवळजवळ शून्य. त्या भागातले 20 आमदार, त्यातले कित्येक सत्ताधारी, त्यांनीही मत दिलं नाही. कुणी बंदूक दाखवली नव्हती. आणि मग राज्यातली एकमेव लोकसभा जागा काँग्रेसच्या सुपोंगमेरेन जमीर यांनी 50 हजारांहून जास्त मतांनी जिंकली, ज्या काँग्रेसचा विधानसभेत एकही आमदार नव्हता. इथे पुण्यात-मुंबईत बसून "ईशान्येत काँग्रेस परतली" म्हणणाऱ्यांनी हे 4 लाख हिशोबात धरले होते का, मला शंका आहे. अर्थात पश्चिमेकडे सरकारवर राग होताच, तेही खरं.

गाव हे युनिट

राज्यात मतदार साधारण 13 लाख, मतदारसंघ 60, म्हणजे सरासरी बावीसेक हजार. आपल्याकडच्या मध्यम नगरपालिकेएवढा एक आमदार! एवढ्या छोट्या मतदारसंघात चार-पाच मोठी गावं एका बाजूला गेली की विषय संपला. म्हणून गाव आधी ठरवतं. ग्रामपरिषद बसते, लाल शाल पांघरलेले गावबुरा म्हणजे जीबी असतात, खेलचे म्हणजे गावातल्या वाड्यांचे म्हातारे असतात, आणि या वेळी आपलं गाव अमक्याच्या मागे असा ठराव होतो. काही ठिकाणी तर घरातला कर्ता सगळ्यांच्या वतीने मतदान उरकतो. बाप, काका, मुंबईत शिकणारा पोरगा, सगळ्यांचं मत पडतं, पोरगा मुंबईतच असतो. 2013 ला मतदान 90 टक्क्यांच्या वर गेलेलं, त्याला लोकशाहीचा उत्सव म्हणण्याआधी हे लक्षात असू द्या. तिथली बाप्टिस्ट चर्च परिषद गेली कित्येक वर्षं स्वच्छ निवडणुकीची मोहीम चालवतेय, पैसा नको, दारू नको, एकाचं मत दुसऱ्याने देऊ नका. राज्यात 1989 च्या कायद्याने दारूबंदी आहे बरं का, आणि निवडणुकीत दारू वाहते. हे काही आपल्याला नवीन नाही.

गावाच्या या ठरावात बायका कुठे होत्या? नव्हत्याच. राज्य होऊन 60 वर्षं होत आली तेव्हा 2023 ला पहिल्या दोन महिला आमदार आल्या, हेकानी जाखालू आणि साल्हौतुओनुओ क्रुसे, आणि क्रुसे बाईंचा फरक होता 7 मतांचा. त्याआधी 2017 ला पालिकांमध्ये 33 टक्के महिला आरक्षण द्यायचं म्हटल्यावर दिमापुरात गोळीबारात दोघं गेले, कोहिमात पालिकेची इमारत जाळली, मुख्यमंत्री झेलियांगना खुर्ची सोडावी लागली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं की कलम 371 अ नुसार आमच्या रूढी-परंपरांवर संसदेचा कायदा आमची विधानसभा ठरवेपर्यंत लागू होत नाही. कलमात तसं आहे, पण पालिका ही नागा परंपरा कधीपासून झाली हा प्रश्न तिथल्या बायकांनीच विचारला आणि मला तो बरोबर वाटतो. शेवटी जून 2024 ला वीस वर्षांनी पालिका निवडणुका झाल्या, आरक्षणासकट. पूर्वेकडे तेव्हाही बहिष्कार.

भूमिगत गट कुठे दिसतात

बातमीत 'नागा राजकीय गट' असं वाचलं तर समजायचं की हे शस्त्रसंधीतले सशस्त्र गट. एका बाजूला आयएम, दिमापूरजवळच्या हेब्रोन कॅम्पात त्यांचं स्वतःचं सरकार, मंत्रालयं, सगळं. दुसऱ्या बाजूला एनएनपीजी, बाकीच्या गटांची मोट. आयएमने 3 ऑगस्ट 2015 ला केंद्राशी फ्रेमवर्क करार केला, तो पाच वर्षं जाहीरच केला नाही, 2020 ला आयएमने स्वतःच मजकूर बाहेर काढला. एनएनपीजीने 2017 ला वेगळा समझोता केला. आयएम वेगळा झेंडा आणि वेगळी घटना यावर अडून आहे, एनएनपीजीचं म्हणणं जे मिळतंय ते आधी घ्या, बाकीचं बोलत राहू. तर कुठला नेता कुठल्या कराराचं नाव जास्त घेतो ते बघा, त्यावरून तो कुठल्या बाजूला झुकलाय हे कळतं.

आणि कर. दिमापूरच्या दुकानदाराला राज्य सरकारचा कर वेगळा, शिवाय एकेका गटाची पावती वेगळी. याला वैतागून 2013 ला दिमापुरात हजारो लोक रस्त्यावर उतरले, मागणी एकच, कर एकालाच देऊ. 2020 ला तेव्हाचे राज्यपाल आर. एन. रवी, जे केंद्राचे वार्ताकार म्हणजे बोलणी करणारे पण होते, त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून या गटांना सशस्त्र टोळ्याच म्हटलं आणि आयएमशी त्यांचं जे बिनसलं ते बिनसलंच.

जाहीरनाम्यात मात्र सगळे पक्ष एकच लिहितात, आम्ही बोलण्यांचे 'फॅसिलिटेटर' आहोत, तोडगा निघाला तर खुर्ची सोडू. माझं स्पष्ट मत सांगतो, हे वाक्य त्यांना परवडतं कारण तोडगा निघत नाहीये. विरोधी पक्ष पण याच नावाखाली संपवला जातो. 2015 ला, 2021 ला, 2023 ला, सगळे आमदार सरकारात किंवा सरकारच्या पाठीशी, कारण काय तर नागा प्रश्नासाठी एकी. मग रस्त्यांचे खड्डे आणि शिक्षकांचे पगार विधानसभेत विचारायचे कुणी?

तरी सगळं सोंग आहे असंही नाही. 4 डिसेंबर 2021 ला मोन जिल्ह्यात ओटिंगला खाणीतून घरी निघालेल्या 6 मजुरांना सैन्याच्या कमांडोंनी अतिरेकी समजून मारलं, नंतरच्या उद्रेकात आणखी लोक गेले. त्याच महिन्यात विधानसभेने अफ्स्पा हटवा असा ठराव एकमताने केला आणि त्यात भाजपचे आमदारही होते. ज्यांचे हिंदीतले विनोदी व्हिडिओ आपण फॉरवर्ड करतो ते तेमजेन इम्ना आलाँग तेव्हा याच भाजपचे प्रदेशाध्यक्ष होते. दिल्लीतला भाजप आणि कोहिमातला भाजप एकाच वाक्यात घालू नका.

मणिपूर विसरू नका

मुइवा तांगखुल जमातीचे, त्यांचं गाव सोमदाल मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यात. त्यामुळे आयएमची नागा भूमी नागालँडच्या सीमेवर थांबत नाही. जून 2001 ला केंद्राने शस्त्रसंधी 'प्रादेशिक मर्यादेशिवाय' केल्यावर इम्फाळ पेटलं, विधानसभा जळली, 18 जण गेले, आणि केंद्राला ते शब्द मागे घ्यावे लागले. 2010 ला मुइवांना गावी जायचं होतं तर मणिपूरच्या सीमेवरच्या माओ गेटवर अडवलं, तिथेही दोघं मेले. ते सोमदालला पोचले ऑक्टोबर 2025 ला, नव्वदी ओलांडल्यावर. मणिपूरच्या नागा पट्ट्यात एनपीएफ लढतो, 2022 ला 5 जागा, आणि तिथे तो इम्फाळच्या सरकारात बसतो. म्हणजे कोहिमात नागा एकीकरणाचा ठराव करणारा पक्ष इम्फाळमध्ये मणिपूरची अखंडता मानणाऱ्यांसोबत. विसंगती वाटेल, पण दोन्हीकडचे मतदार वेगळे आहेत आणि त्यांना हे चालतं.

शेवटचं, लोकसंख्येचे आकडे

1991 ला नागालँड 12 लाख. 2001 ला 19 लाख 90 हजार, म्हणजे दहा वर्षांत 64 टक्के वाढ! एवढी पोरं कुठून आली? आली नव्हतीच. मतदारसंघांची फेररचना होणार होती, जास्त डोकी म्हणजे जास्त जागा, म्हणून गावांनी, जमातींनी आपापली संख्या फुगवली. राज्य सरकारनेच ते आकडे मानले नाहीत, आणि 2008 ला फेररचना नागालँडपुरती लांबणीवर टाकली गेली. 2011 ला नीट मोजल्यावर 19 लाख 78 हजार. देशात लोकसंख्या घटलेलं ते एकमेव राज्य ठरलं.

2027 च्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा नागालँडची राज्याची बेरीज बघत बसू नका, जिल्हावार बघा. पूर्वेकडचे सहा जिल्हे आणि दिमापूर, एवढं जरी 2011 च्या शेजारी ठेवून पाहिलं तरी 60 जागांवरून पुढचं भांडण कुणाकुणात होणार ते आधीच दिसेल.